खोलीचे दार लावून केलेला अभ्यास

पत्र :

‘मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीवर अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस. करते आहे. दुसरं सेमिस्टर चालू आहे. बी.एस्सी.ला मी कॉलेजात पहिली होते. इथे परवाच्या मिडटर्मला शंभरापैकी ४१ मिळाले. वर्गात आम्ही दोघीच भारतीय मुली आहोत आणि एक प्राध्यापक सेमिस्टरभर मला तिच्या नावाने हाक मारतात. दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. प्रोजेक्टसाठी गट पडले तेव्हा मी एकटी उरले. भारतीय मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरक्षणावरचे विनोद येतात. एकाने आडनाव विचारलं, मी सांगितलं, तेव्हापासून शनिवारच्या जेवणाचं बोलावणं बंद झालं. दिवसाला दहा तास खोलीत बसून अभ्यास करते, पण पान पुढे सरकत नाही. झोप पहाटे चारला लागते, कधी वाटतं सकाळी जाग आलीच नाही तर बरं होईल. प्राध्यापकांचा मेल आलाय की ऑफिस अवर्समध्ये येऊन भेट. समुपदेशन मोफत आहे म्हणतात, पण त्याने व्हिसाला काही होईल का? शिष्यवृत्तीवाल्यांना कळेल का? एखादा कोर्स सोडावा का? आईला फोनवर सगळं छान आहे असं सांगते. माझी इथे यायची लायकीच नव्हती का?’

(नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाचा भार तुम्हाला सर्वांत जास्त जाणवतो आहे, हे कळते. तरीही मी सुरुवात करणार आहे ती झोपेच्या तक्रारीला जोडून तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यापासून. सकाळी जाग आलीच नाही तर बरे होईल, हा विचार अनेक आठवडे झोप न झालेल्या आणि खचलेल्या माणसाच्या मनात येतो, आणि तो आला म्हणजे माणूस जिवाचे बरेवाईट करणारच असे नव्हे. पण म्हणून तो एकटीने मनात सांभाळत बसावे असाही तो विचार नाही. याच आठवड्यात एखाद्या प्रशिक्षित माणसासमोर, जसा तुम्ही मला लिहिला तशाच शब्दांत, तो मोठ्याने बोलायला हवा. त्या विचाराला ‘कसे’ आणि ‘केव्हा’ हे शब्द जोडले जाऊ लागले, तर आठवड्याचीही वाट पाहू नका. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा क्रमांक दिवसरात्र विनाशुल्क चालतो; बोलण्याची ताकद नसेल तर त्याच क्रमांकावर मेसेजही करता येतो, आणि त्यासाठी तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात हे सांगावे लागत नाही. पुष्कळ विद्यापीठांत समुपदेशन केंद्राचा रात्रीचा क्रमांक विद्यार्थी ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, तेव्हा आधी ते कार्ड उलटून पाहा. (हा परिच्छेद तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला ईमेलने पाठवला होता, असेच काही मनात घेऊन हे सदर वाचणाऱ्यांसाठी तो इथे ठेवला आहे.)

आता व्हिसाची भीती. मी काही वर्षे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात काम केले आणि ही भीती आपल्याकडच्या इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकली, की भाड्याच्या घराच्या किल्लीबरोबर ती जुने भाडेकरू नव्यांच्या हाती सोपवून जात असावेत असे मला वाटू लागले होते. समुपदेशकाकडे गेल्यामुळे एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या दर्जाला धक्का लागत नाही. तिथे तुम्ही जे बोलता ते तुमच्या विभागाला कळवले जात नाही, गुणपत्रकावर येत नाही आणि मायदेशातल्या कोणत्याही कार्यालयाकडेही जात नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्यांना तुमची प्रगती कळते ती गुणपत्रक आणि प्रगती अहवाल यांतून, आणि समुपदेशनाची नोंद त्यांपैकी कशातच नसते. गोपनीयतेला अपवाद आहेत, नाहीत असे नाही: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला तातडीचा धोका, लहान मुलांवरील अत्याचार, न्यायालयाचा आदेश. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगितले जातात आणि ते समजल्याची तुमची सही घेतली जाते, म्हणजे काय बोलावे आणि किती बोलावे याचा निर्णय तुमच्याच हातात राहतो.

पहिल्या भेटीत काय घडते हे माहीत नसल्यामुळेही अनेकजण जात नाहीत, म्हणून तेही सांगते. बहुतेक केंद्रांत आधी फोनवर पंधरा-वीस मिनिटांचे प्राथमिक बोलणे होते, मग साधारण पन्नास मिनिटांची भेट ठरते. भेटीआधी संगणकावर एक प्रश्नावली भरून घेतात. तिच्यात बहुधा नैराश्य मोजणारे नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि सारे प्रश्न मागच्या दोन आठवड्यांपुरते. तिसरा प्रश्न झोपेचा असतो आणि नववा, म्हणजे शेवटचा, तुमच्या त्या वाक्याचा. आपल्याकडची मुले तिसऱ्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ वर खूण करतात आणि नवव्यापाशी आली की क्षणभर थांबून ‘अजिबात नाही’ निवडतात; मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की तो थांबलेला क्षणही मला कागदावर दिसू लागला होता. तुम्ही नवव्या प्रश्नाला खरे उत्तर द्या. केवळ त्या उत्तरामुळे कोणी तुम्हाला उचलून रुग्णालयात नेत नाही. समोरचा माणूस पुढचे चार प्रश्न विचारतो आणि धोका किती आहे ते तुमच्याबरोबर बसून पाहतो.

केंद्रातल्या वैयक्तिक भेटींना अनेक ठिकाणी मर्यादा असते, हे आधी ठाऊक असलेले बरे. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांचा किंवा गौरेतर, म्हणजे गोऱ्या नसलेल्या, विद्यार्थिनींचा एखादा गट तिथे चालतो का, हे पहिल्याच दिवशी विचारा. अशा गटांना बहुधा ती मर्यादा नसते. गौरेतर समुपदेशक मिळेल का, असेही विचारता येते. तिथे हा उद्धटपणा मानत नाहीत, आणि न जुळल्यास समुपदेशक बदलून मागणे हाही अपमान समजला जात नाही. जातीबद्दल समोरच्याला काहीच माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्या भेटीचा सगळा वेळ त्याला भारतीय समाजव्यवस्था शिकवण्यात घालवू नका. ‘आडनाव सांगितल्यावर मला जेवणाला बोलावणे बंद झाले’ एवढे सांगितले तरी चांगल्या समुपदेशकाला काम सुरू करायला पुरते. ‘लाज’, ‘घुसमट’ असे शब्द इंग्रजीत नीट उतरत नाहीत. ते मराठीतच उच्चारा आणि मग तेव्हा शरीरात काय होते ते सांगा.

तिथे गेल्यावर आपण ‘स्टुडंट ऑफ कलर’ होतो. मराठीत याला अजून धड शब्द नाही. ‘वर्णीय’ म्हणावे तर आपल्याकडे त्याला चातुर्वर्ण्याचाच वास येतो, म्हणून मी वर ‘गौरेतर’ हा जरा ओढूनताणून आणलेला शब्द वापरला आहे. शब्द काहीही असो, अनुभव नवा नाही. अमेरिकेतल्या ३७३ विद्यापीठ परिसरांतल्या साडेतीन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची २०१३ ते २०२१ या काळातली माहिती ‘हेल्दी माइंड्स’ या सर्वेक्षणातून अभ्यासली गेली, तेव्हा मानसिक त्रास सर्वच गटांत वाढलेला दिसला, पण त्रास असूनही उपचारापर्यंत पोचण्याचे प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा गौरेतर विद्यार्थ्यांत कमी आढळले. चुकीच्या नावाने सेमिस्टरभर हाक मारली जाणे, गट पडताना उरणे, यांसारख्या बारीक टोचण्यांना हार्वर्डमधले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० मध्ये ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ असे नाव दिले. एकेक टोचणी सांगू गेले तर हास्यास्पद वाटते. ‘नावच तर चुकले’ असे कोणीही म्हणेल, आणि तुम्ही स्वतःलाही तेच सांगून गप्प बसलात. पण शरीर त्यांची बेरीज करत राहते.

ही बेरीज परीक्षेत कुठे जाते, हे तुमच्या ‘लायकी’च्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. १९९५ मध्ये क्लॉड स्टील आणि जोशुआ आरनसन यांनी स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांना अवघड प्रश्नपत्रिका दिली. ही तुमच्या बौद्धिक क्षमतेची चाचणी आहे, असे सांगितल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी घसरली. हा फक्त प्रश्न सोडवण्याच्या पद्धतीचा अभ्यास आहे, असे सांगितल्यावर तीच दरी पुष्कळ कमी झाली. पुढच्या काही संशोधकांना हा परिणाम इतका ठळक मिळाला नाही, त्यामुळे त्यावर मी सगळी इमारत उभी करणार नाही. पण आपल्याकडचा एक प्रयोग तुम्ही जरूर लक्षात ठेवा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि प्रत्येक बरोबर कोड्याला पैसे ठेवले. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दलित आणि उच्चवर्णीय मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवल्यावर मात्र दलित मुलांनी सोडवलेली कोडी लक्षणीय कमी झाली. मुले तशीच, कोडी त्याच पातळीची, मधे फक्त एक हजेरी घेतली गेली होती. तुमच्या बाबतीत ती हजेरी रोज घेतली जाते आहे: वर्गात नावाने, ग्रुपवर आडनावाने. ४१ गुणांचा अर्थ लावताना एवढे गणित तर संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीने केलेच पाहिजे.

म्हणून मी तुमच्या बुद्धीबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही. मला काळजी वाटते ती तुम्ही ज्या पद्धतीने अभ्यास करता आहात तिची, आणि पत्रातले जे वाक्य वाचून मी पेन खाली ठेवले ते हे: ‘दिवसाला दहा तास खोलीत बसून अभ्यास करते.’

बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरी ट्राइसमन नावाचा एक तरुण गणिती होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम गुण मिळवत. असे का, याची प्राध्यापकांकडे ठरलेली उत्तरे होती: तयारी कच्ची, जिद्द कमी, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, पैसा नाही. ट्राइसमन यांनी दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि ते प्रत्यक्ष अभ्यास करतात कसा, हे त्यांच्यासोबत राहून पाहिले. चारही उत्तरे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, शाळेत वरच्या क्रमांकाने आलेले होते, घरच्यांनी त्यांच्यासाठी खस्ता खाल्लेल्या होत्या. ते सांगितलेला अभ्यास न चुकता करत, आठवड्याला सुमारे आठ तास, आणि जवळपास सगळे एकटेच करत. शाळेत अभ्यासू असण्यासाठी एकटे राहावे लागले होते आणि त्या एकटेपणानेच त्यांना बर्कलीपर्यंत आणले होते, तेव्हा ती सवय सोडण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते. चिनी वंशाचे विद्यार्थीही एकट्याने बरेच तास बसत, पण त्यानंतर संध्याकाळी एकत्र जमत, जेवता जेवता एकमेकांची उत्तरे ताडून पाहत, चुका काढत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. आठवड्याचे एकूण चौदा तास भरत. एखादे गणित गटातल्या कोणालाच सुटले नाही, की त्यांना कळे की गणितच अवघड आहे. खोलीत एकट्या बसलेल्या मुलाला मात्र तेच गणित सुटले नाही की वाटे, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

तुम्हाला तुमची खोली यात दिसली असेल. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातून, मागे कोणी नसताना, एकटीने अभ्यास करूनच तुम्ही तिथवर पोचलात, आणि आता तीच शिदोरी तुम्ही तिथे पुन्हा पुन्हा उघडता आहात.

ट्राइसमन यांच्या गोष्टीतला पुढचा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. विद्यापीठात ‘मागे पडलेल्यांसाठी’ शिकवण्या होत्याच, पण ही मुले तिकडे फिरकत नसत, कारण शाळेत पहिले आलेल्या मुलाला ‘कच्च्यां’च्या रांगेत उभे राहणे म्हणजे आपण चुकून इथे आलो हे कबूल करणे वाटे. तेव्हा त्यांनी कच्च्यांसाठी म्हणून काहीच सुरू केले नाही. त्यांनी कार्यशाळा काढली, ती हुशार विद्यार्थ्यांची म्हणून, आणि तिच्यात नेहमीपेक्षा अवघड गणिते गटात सोडवायला दिली. त्या कार्यशाळेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल त्यांच्याच इतर सहाध्याय्यांपेक्षा तर चांगले लागलेच, पुष्कळदा ते वर्गातल्या गोऱ्या मुलांच्याही पुढे गेले. हीच पद्धत नंतर ‘इमर्जिंग स्कॉलर्स’ या नावाने इतर अनेक विद्यापीठांत गेली. तुमच्या विद्यापीठात असे काही चालते का, ते विभागातल्या समन्वयकांना विचारा. सांख्यिकी विभागांत विद्यार्थ्यांसाठी सल्लाकेंद्रे आणि अभ्यासगटही बहुधा असतात. काहीच नसले तर दोन माणसांचा गटही गट असतो.

प्राध्यापकांच्या मेलकडे वळते. तो मेल तुम्हाला बोलावून झापण्यासाठी आला आहे, असे तुम्ही धरून चालला आहात असा माझा कयास आहे, आणि तो मी स्वतःवरून बांधला आहे. मी तिथे शिकायला गेले तेव्हा ‘ऑफिस अवर्स’ म्हणजे प्राध्यापक कार्यालयात काम करत असण्याची वेळ, तेव्हा त्यांना अजिबात त्रास द्यायचा नाही, अशी माझी समजूत होती. पहिले अख्खे सेमिस्टर मी ती वेळ कटाक्षाने टाळली आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. प्रत्यक्षात ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली असते, आणि तिकडे सर्वांत जास्त जातात ते वर्गातले हुशार, शिकलेल्या घरांतले विद्यार्थी, कारण त्यांना घरूनच हे माहीत असते. मेलला आजच दोन ओळींचे उत्तर द्या: येते, अमुक वाजता येते. जाताना तपासलेली उत्तरपत्रिका न्या आणि तिच्यातले नेमके दोन प्रश्न निवडून ठेवा, जिथे तुमची वाट चुकली. ‘मला काहीच कळत नाही’ असे म्हणू नका. ते खरेही नाही आणि त्यावर समोरच्याला काही करताही येत नाही. ‘इथपर्यंत मी अशी आले, यापुढे अडले’ असे म्हणा. झोप आणि तब्येतीचे सांगायचे की नाही हे तुमच्यावर आहे. ‘प्रकृतीच्या कारणाने हे सेमिस्टर कठीण जाते आहे आणि मी त्यासाठी मदत घेते आहे’ हे एक वाक्य पुरेसे असते.

कोर्स सोडण्याबाबत मात्र नियम कडक आहेत, तेव्हा हा परिच्छेद दोनदा वाचा. पोर्टलवर जाऊन स्वतःच्या हाताने कोर्स ‘ड्रॉप’ करू नका. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याने ठरलेली किमान क्रेडिट्स घेतलीच पाहिजेत, आणि ती कमी करायची तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याची, ज्यांना तिथे ‘डीएसओ’ म्हणतात, परवानगी आधी लागते. नंतर घेतलेली चालत नाही. त्याचे तुमच्या उपयोगाचे दोन मार्ग आहेत. पहिला वैद्यकीय: परवानाधारक डॉक्टरने किंवा मानसशास्त्रज्ञाने शिफारशीचे पत्र दिले तर एका पदवीच्या काळात एकूण बारा महिन्यांपर्यंत अभ्यासभार कमी करता येतो, अगदी शून्यापर्यंतही. यात मानसिक आजार धरला जातो, आणि सरकारी प्रणालीत नोंद होते ती वैद्यकीय कारण एवढीच; निदानाचा तपशील तिथे भरला जात नाही. दुसरा मार्ग शैक्षणिक: अमेरिकी अध्यापनपद्धतीची सवय नसणे, सुरुवातीला इंग्रजीची अडचण येणे किंवा चुकीच्या पातळीचा कोर्स घेतला जाणे. यात निम्मा भार ठेवावाच लागतो आणि सवलत एकाच सेमिस्टरपुरती मिळते. तुमच्या शिष्यवृत्तीच्या अटींत पूर्णवेळ नोंदणीबद्दल काय लिहिले आहे तेही, डीएसओकडे जाण्याआधी, मंजुरीच्या पत्रात शोधून ठेवा. माझा कल विचाराल तर: समुपदेशकाची एक भेट आणि प्राध्यापकांची एक भेट होईपर्यंत कोर्स सोडण्याचा निर्णय घेऊ नका, पण सोडण्याची शेवटची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.

आता आपल्याच माणसांविषयी. आरक्षणावरचे विनोद हे तुम्हाला परदेशात सर्वांत जिव्हारी लागले असणार, कारण तिथे भेटणाऱ्या मराठी बोलण्याला आपण आधी घर समजून बसतो. त्या ग्रुपमधून बाहेर पडायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. भाड्याचे किंवा विमानतळावर सोडण्याचे निरोप त्यावर येत असतील आणि त्यासाठी राहावेच लागत असेल, तर त्याचा आवाज बंद करून ठेवा आणि विनोदांचे स्क्रीनशॉट तारखेसह वेगळे जपून ठेवा. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ च्या डिसेंबरात आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या साऱ्या परिसरांनी जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. तुमच्या विद्यापीठाच्या धोरणात तो शब्द नसला तरी वंश आणि राष्ट्रीय मूळ हे शब्द असतातच, कारण १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ते घालून दिले आहेत आणि तो कायदा परदेशी विद्यार्थ्यालाही लागू होतो. तक्रार करायची की नाही, हे आज ठरवू नका. झोप चारला लागत असताना माणसाने लढाया निवडू नयेत. विद्यापीठात ‘ओम्बड्स’ कार्यालय असेल तर तिथे औपचारिक तक्रार न करता, गुप्तपणे, फक्त पर्याय समजून घेता येतात.

जेवणाचे बोलावणे दुसरीकडूनही येऊ शकते. तुमच्या परिसरात बहुसांस्कृतिक केंद्र असेल. मागच्या काही वर्षांत टेक्सास, युटा अशा राज्यांनी केलेल्या कायद्यांमुळे बऱ्याच ठिकाणी अशी केंद्रे बंद झाली किंवा नाव बदलून चालू राहिली, तेव्हा पाटीवर आता ‘विद्यार्थी यश’ किंवा ‘समुदाय’ असे काही लिहिलेले असले तरी आत जाऊन पाहा. ही केंद्रे कोणा कुलगुरूच्या उदारपणातून आलेली नाहीत. १९६८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांनी संप पुकारला, तो पुढच्या मार्चपर्यंत चालला, आणि अशा लढ्यांतून तिथले वांशिक अभ्यासविभाग, सल्लाकेंद्रे, सवलती उभ्या राहिल्या. आपल्या घरांतून मुलांना निघताना ‘काळ्यांच्या वस्तीत खोली घेऊ नकोस’ असे बजावले जाते, आणि मग तीच मुले तिथे पोचल्यावर त्यांच्याच लढ्याने मिळालेल्या खुर्चीवर बसतात. हे मला कायम खटकत आले आहे. तुमच्या घरी तसे सांगितले गेले नसेल अशी मला आशा आहे, कारण ज्यांच्यामुळे तुम्ही आणि मी शिकलो, त्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे हे कळवले होते, आणि डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तरही दिले होते. त्याआधी, १९१३ मध्ये, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेलेले बाबासाहेबही वसतिगृहात एकटे नव्हते. नवल भथेना हा पारशी मित्र त्यांना तिथे मिळाला आणि ती मैत्री पुढे अनेक वर्षे, पैशाच्या अडचणीतही, टिकली. अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाची गोष्ट आपण पोरांना सांगतो. भथेनांची सांगत नाही.

आईला काय सांगायचे? सगळे सांगू नका, पण ‘सगळं छान आहे’ हेही बंद करा. ‘एक पेपर अवघड गेला, सरांना भेटणार आहे, झोप नीट होत नाही म्हणून इथल्या दवाखान्यात दाखवते आहे’ एवढे कोणत्याही आईला पेलते. तुम्ही ज्या आवाजात छान आहे म्हणता, त्या आवाजावरून तिने अर्धे ओळखलेच असेल.

आणि ती वर्गातली दुसरी मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिले आहे, आणि त्यात ती फक्त एक नाव आहे, जे चुकून तुम्हाला चिकटले. ती कुठली, कोणत्या घरातली, त्या ग्रुपवर आहे की नाही, मला माहीत नाही, कदाचित तुम्हालाही नसेल. पण प्राध्यापक जर दोघींत गल्लत करत असतील तर तिलाही कधीतरी तुमच्या नावाने हाक मारली गेली असणार. पुढच्या तासानंतर वही आवरताना तिला तेवढेच विचारा, आणि मग मिडटर्मचा तिसरा प्रश्न तिला सुटला होता का, तेही विचारून घ्या.